घरी चालतं, लॅबमध्ये चालत नाही: दुसऱ्या कॉम्प्युटरवर अडलेला प्रोग्राम कसा मार्गी लावायचा

प्रोजेक्ट सबमिशनची तारीख जवळ आली की कॉलेजच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, घरी तर व्यवस्थित चालत होतं." ऐकणाऱ्याला तो बहाणा वाटतो आणि बोलणाऱ्याचा चेहरा पडतो. पण हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, आणि त्यात कामाची माहिती असते. घरी चालतं याचा अर्थ कोडचं लॉजिक बहुधा ठीक आहे आणि अडचण दोन कॉम्प्युटरमधल्या कुठल्यातरी फरकात आहे. आपल्याला तो फरक शोधायचा आहे. रात्रभर जागून कोड नव्याने लिहायची गरज नाही.

आपण लिहिलेली फाइल म्हणजे अख्खा प्रोग्राम नसतो. ती पायथनच्या एका ठरावीक व्हर्जनवर, कधीकाळी इन्स्टॉल केलेल्या लायब्रऱ्यांवर, डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर आणि विंडोजच्या सेटिंगवर उभी असते. या गोष्टी आपल्या मशीनवर वर्षभर हाताशी असतात, म्हणून आपल्याला त्यांचा विसर पडतो. दुसऱ्या मशीनवर त्यांच्यातली एखादी नसते.

उदाहरणासाठी एक साधा पायथन प्रोग्राम धरू. वर्गातल्या मुलामुलींची नावं आणि हजेरी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) मराठीत आहे. प्रोग्राम ती फाइल वाचतो, टक्केवारी काढतो आणि ७५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांची यादी छापतो. कमांड, फाइलची नावं आणि एरर मी इथे देवनागरीत लिहितो आहे. तुम्ही टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करा.

पहिली पायरी: कोडला हात लावण्याआधी एरर पूर्ण वाचा

फाइलवर डबल-क्लिक करून प्रोग्राम चालवू नका. काळी खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते, आणि एरर तिच्याबरोबर जाते. त्याऐवजी प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडा, वरच्या ॲड्रेस बारमध्ये क्लिक करून "सीएमडी" टाइप करा आणि एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट थेट त्याच फोल्डरमध्ये उघडेल. तिथे लिहा:

पायथन हजेरी.पीवाय

आता एरर समोर राहील. पायथनची एरर खालून वर वाचायची असते. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं. तिथून वर जाताना तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल, ती ओळ पाहा. मधल्या ओळी लायब्ररीच्या आत कुठे काय घडलं ते सांगतात, त्या पाहून गांगरू नका.

एररचा मजकूर कॉपी करून ठेवा. मोबाइलने काढलेल्या फोटोत नेमकी शेवटची ओळ कापली जाते आणि तीच हवी असते. मजकूर लांबलचक असेल तर तो फाइलमध्ये वळवता येतो:

पायथन हजेरी.पीवाय > लॉग.टीएक्सटी २>&१

यात एक खोच आहे. प्रोग्राम मराठी अक्षरं छापत असेल, तर स्क्रीनवर नीट दिसणारा मजकूर विंडोजवर फाइलमध्ये वळवताच वेगळीच एरर येऊ शकते, "युनिकोडएन्कोडएरर". खिडकीत छापताना पायथन ३.६ पासून युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांचा एकच तक्ता) वापरतो, पण फाइलमध्ये वळवलं की विंडोजचं जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, धरतो. ही नवी एरर पाहून गोंधळू नका. आधी "सेट पायथनयूटीएफ८=१" ही कमांड द्या आणि मग लॉग काढा. एन्कोडिंगची सगळी भानगड पुढे येणारच आहे.

काही प्रोग्राम एक अक्षर न छापता बंद पडतात, विशेषतः एक्झी (थेट चालणारी तयार प्रोग्राम) फाइल असेल तर. अशा वेळी विंडोजमधलं "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा, "विंडोज लॉग्ज" आणि त्याखाली "ॲप्लिकेशन" इथे जा. प्रोग्राम बंद पडला त्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा. कुठल्या फाइलमुळे आणि कुठल्या कोडने तो पडला, ते तिथे लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: दोन्ही कॉम्प्युटरची माहिती शेजारी-शेजारी मांडा

वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे घरचं मशीन, उजवीकडे लॅबचं. मग दोन्हीकडे ह्याच कमांड चालवा:

पायथन --व्हर्जन
व्हेअर पायथन
पिप --व्हर्जन
पिप लिस्ट

विंडोजचं व्हर्जन "विनव्हर" टाइप केल्यावर कळतं. ३२ बिट की ६४ बिट, ते सेटिंग्जमध्ये "सिस्टीम" आणि तिथे "अबाउट" या पानावर असतं. फोल्डरचा पूर्ण पत्ताही दोन्ही बाजूंना लिहा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळून अंदाजाने बदल करत बसणाऱ्यांची अख्खी दुपार जाते.

"व्हेअर पायथन" या कमांडला मी फार मान देतो. एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन पायथन असणं अगदी नेहमीचं आहे. एक कुणा सीनिअरने टाकलेलं, एक ॲनाकोंडा या पायथनच्या तयार संचाबरोबर आलेलं. ही कमांड ते सगळे पत्ते दाखवते, आणि सर्वांत वरचा पत्ता ज्याचा, तोच पायथन चालतो. पहिल्या ओळीत "विंडोजॲप्स" असं फोल्डर दिसलं आणि "पायथन" टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर तिथे पायथन नाहीच. विंडोजने ठेवलेला तो नुसता शॉर्टकट आहे. पिप (लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारी पायथनची कमांड) एका पायथनचं आणि प्रोग्राम चालवणारं दुसरंच, असाही घोळ होतो. म्हणून "पिप इन्स्टॉल" ऐवजी "पायथन -एम पिप इन्स्टॉल" लिहायची सवय लावा. लायब्ररी मग त्याच पायथनमध्ये जाते ज्याने प्रोग्राम चालणार आहे.

व्हर्जनच्या फरकाची खूण ओळखायला शिका, कारण ती फसवी असते. तुम्ही "मॅच" आणि "केस" वापरून कोड लिहिला असेल आणि लॅबमध्ये पायथन ३.८ असेल, तर एरर येते "सिंटॅक्सएरर". नवखा माणूस मग टायपिंगची चूक शोधत बसतो. चूक कुठेच नसते. "मॅच" हे पायथनमध्ये ३.१० पासून आलं, जुन्या पायथनला तो शब्दच कळत नाही. एफ-स्ट्रिंगच्या आत बाहेरचेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरणं ३.१२ पासून चालतं, त्याआधी तीच "सिंटॅक्सएरर". उलट्या दिशेनेही होतं: "डिस्टयूटिल्स" हे जुनं मॉड्यूल ३.१२ मधून काढून टाकलं, त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या मशीनवर अडतो. आणि लॅबमध्ये अजून विंडोज ७ असेल, तर पायथन ३.९ किंवा त्यापुढचं तिथे चालणारच नाही, कितीही वेळा इन्स्टॉल केलं तरी. अशा लॅबसाठी कोडच ३.८ ला चालेल असा लिहावा लागतो. परीक्षा त्याच मशीनवर असेल तर हे महिनाभर आधी जाऊन पाहून या.

जावा वापरणाऱ्यांना हीच अडचण "अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर" या नावाने भेटते. एररमध्ये ६१ किंवा ५५ असा आकडा असतो. त्यातून ४४ वजा करा: ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे जावा ११, ५२ म्हणजे जावा ८. कोड कुठल्या जावावर कंपाइल झाला आणि समोरच्या मशीनला कुठपर्यंतचं कळतं, हे दोन्ही आकडे त्या एका ओळीत असतात.

तिसरी पायरी: लायब्रऱ्या

"मॉड्यूलनॉटफाउंडएरर" ही सगळ्यांत सोपी एरर, कारण काय नाही ते ती नावानिशी सांगते. फक्त इम्पोर्ट करायचं नाव आणि इन्स्टॉल करायचं नाव दर वेळी सारखं नसतं. "सीव्ही२" साठी "ओपनसीव्ही-पायथन" टाकावं लागतं, "पीआयएल" साठी "पिलो", "एसकेलर्न" साठी "सायकिट-लर्न", "डॉक्स" साठी "पायथन-डॉक्स". एररमधलं नाव तसंच्या तसं पिपला देण्याआधी त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावर नाव पाहून घ्या. एका अक्षराच्या फरकाने भलतंच पॅकेज मशीनवर येऊ शकतं.

नीट पद्धत अशी. प्रोजेक्टसाठी घरीच वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त त्या प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या ठेवणारं फोल्डर, तयार करा:

पायथन -एम वेन्व्ह एन्व्ह
एन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

मग त्यात लागतील तेवढ्याच लायब्रऱ्या टाका आणि शेवटी यादी काढा:

पायथन -एम पिप फ्रीज > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

एन्व्हायर्नमेंट न करता सरळ ही यादी काढली, तर मशीनवर आजवर टाकलेलं सगळंच त्यात उतरतं. पन्नास नावांतली चार कामाची असतात आणि उरलेल्यांपैकी एखादं दुसऱ्या मशीनवर अडून बसतं.

"एन्व्ह" फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून लॅबमध्ये नेणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. त्या फोल्डरच्या आत तुमच्या मशीनवरच्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि लॅबच्या मशीनवर तो पत्ता नसतो. यादी न्या, फोल्डर नको. लॅबमध्ये पॉवरशेलने ॲक्टिव्हेट करायला गेलात आणि "स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे" अशा अर्थाची लाल ओळ आली, तर सेटिंग बदलायच्या भानगडीत न पडता साध्या कमांड प्रॉम्प्टमधून तेच करा. तिथे ती मनाई लागू होत नाही.

लॅबमध्ये इंटरनेट नसेल तर? घरून पॅकेज उतरवून न्या:

पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी पॅकेजेस

आणि लॅबमध्ये:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पॅकेजेस -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

अट एकच, दोन्हीकडे पायथनचं व्हर्जन आणि ऑपरेटिंग सिस्टीम सारखी हवी. उतरवलेल्या फाइलच्या नावात ते लिहिलेलं असतं. "सीपी३११" म्हणजे पायथन ३.११ साठी, "विन_एएमडी६४" म्हणजे ६४ बिट विंडोजसाठी. त्यात एएमडी दिसतं म्हणून इंटेलवाल्यांनी काळजी करू नये, ते दोघांनाही चालतं.

चौथी पायरी: फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

"फाइलनॉटफाउंडएरर" आली की आधी कोडमध्ये "सी:\युझर्स" असं काही आहे का ते शोधा. तुमच्या नावाचं फोल्डर लॅबच्या मशीनवर असण्याचं कारण नाही. वनड्राइव्ह चालू असेल तर स्वतःच्याच मशीनवर डेस्कटॉपचा पत्ता "वनड्राइव्ह\डेस्कटॉप" असा बदललेला असतो.

नुसतं "हजेरी.सीएसव्ही" लिहिलं तरी भागतंच असं नाही. पायथन ती फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोधत नाही. कमांड ज्या फोल्डरमधून दिली तिथे शोधतो. व्हीएस कोडमधून चालवताना ते फोल्डर एक असतं, कमांड प्रॉम्प्टमधून दुसरं. खात्रीचा उपाय म्हणजे पत्ता प्रोग्रामच्या फाइलवरूनच काढायचा:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
घर = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट
यादी = घर / "हजेरी.सीएसव्ही"

या तीन ओळी सुरुवातीला घाला आणि डेटाची फाइल प्रोग्रामच्या शेजारी ठेवा. फोल्डर कुठेही न्या, चालेल. तिरकी रेघ उलटी की सुलटी हा प्रश्नही पाथलिब सांभाळतं.

आणखी दोन सापळे. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे "हजेरी.सीएसव्ही" दिसणारी फाइल खरी "हजेरी.सीएसव्ही.टीएक्सटी" असू शकते. फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू" मेनूमधून एक्स्टेन्शन दाखवायला सांगा. आणि विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच धरलं जातं, पण लिनक्सवर ती दोन वेगळी नावं असतात. प्रोजेक्ट लिनक्स सर्व्हरवर चढवल्यावरच फोटो दिसेनासे झाले, तर नावांतली कॅपिटल अक्षरं तपासा.

झिप उघडून, पूर्ण बाहेर न काढता, आतच प्रोग्रामवर डबल-क्लिक केला की विंडोज फक्त तेवढीच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं. शेजारची सीएसव्ही आतच राहते. ज्यांना झिप पाठवाल त्यांना "आधी सगळं एक्स्ट्रॅक्ट करा" असं स्पष्ट सांगा.

पाचवी पायरी: मराठी मजकूर

आपल्या भाषेत काम करणाऱ्यांना ही अडचण हटकून येते, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ती क्वचितच समजावलेली असते. म्हणून जरा सविस्तर.

प्रोग्राम घरी उबुंटूवर किंवा मॅकवर लिहिला. लॅबच्या विंडोजवर त्याच फाइलवर एरर आली: "चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८डी". फाइल तीच, कोड तोच. मग काय बदललं?

कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. क चे तीन, म चे तीन, काना-मात्रा आणि पाय मोडायची खूण यांचेही प्रत्येकी तीन. ओपन कमांडला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथन ऑपरेटिंग सिस्टीमचं डीफॉल्ट धरतो. उबुंटू आणि मॅकवर ते यूटीएफ-८ असतं. आपल्याकडच्या विंडोजवर ते सहसा सीपी१२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला जुना तक्ता. त्यात प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर असतं आणि पाच जागा रिकाम्या आहेत (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आधाराने लिहिलेले आहेत): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी.

आता गंमत पाहा. पाय मोडायच्या खुणेचा तिसरा बाइट नेमका ८डी आहे. म्हणजे फाइलमध्ये एखादं जोडाक्षर आलं की पायथन रिकाम्या जागेवर येऊन थांबतो. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. त्यामुळे ज्योती, सुनील, एकनाथ, झेलम यांच्यापैकी कुणाचंही नाव यादीत असलं की एरर. कमल आणि सविता या नावांत यांतलं एकही चिन्ह नाही. अशीच नावं असलेली छोटी फाइल करून तपासलीत, तर एरर न येता प्रोग्राम चालून जातो, पण नावांच्या जागी युरोपीय अक्षरं आणि खुणा दिसतात. "कमल" या तीन अक्षरांच्या जागी नऊ. हा प्रकार एररपेक्षा वाईट, कारण चुकीचा डेटा गुपचूप पुढे जातो. "पाच नावांवर चाललं, पूर्ण वर्गावर अडलं" या कोड्याचंही उत्तर यातच आहे.

उपाय एका शब्दाचा आहे. फाइल उघडताना, वाचायला असो की लिहायला, एन्कोडिंग सांगा:

ओपन(यादी, एन्कोडिंग="यूटीएफ-८")

पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट करायचं ठरलं आहे, पण लॅबच्या मशीनवर ते पोचायला वेळ लागेल. तोवर हा शब्द प्रत्येक ओपनमध्ये लिहाच.

फाइल एक्सेलमधून आली असेल तर आणखी थोडं. "सेव्ह ॲज" मध्ये साधा "सीएसव्ही" प्रकार निवडला तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत आणता येत नाहीत. मूळ एक्सेल फाइल जपून ठेवा. "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडलं तर अक्षरं टिकतात, पण एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं. मग पहिल्या कॉलमचं नाव "नाव" असं स्पष्ट दिसत असूनही प्रोग्राम म्हणतो "कीएरर: नाव". इथे एन्कोडिंग "यूटीएफ-८-एसआयजी" द्या. खूण असेल तर ती काढली जाते, नसेल तरी काही बिघडत नाही.

यादी कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केली असेल, तर वरच्या कशाचाच उपयोग नाही. त्या फाइलमध्ये देवनागरी नसतेच. साठवलेली असतात ती इंग्रजीच्या कोष्टकातली अक्षरं, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. म्हणूनच फाँट नसलेल्या मशीनवर ती अर्थहीन दिसतात. ती यादी कन्व्हर्टरने एकदा युनिकोडमध्ये आणा, नावं डोळ्यांनी तपासा आणि मगच प्रोग्रामला द्या.

सहावी पायरी: डेटाबेस, तारीख आणि परवानग्या

प्रोजेक्टमध्ये मायएसक्यूएल असेल तर कोडमध्ये "लोकलहोस्ट" लिहिलेलं असतं. लोकलहोस्ट म्हणजे "हेच मशीन". लॅबमध्ये तो शब्द लॅबच्या मशीनकडे बोट दाखवतो, आणि तिथे तुमचा डेटाबेस नाही. "मायएसक्यूएलडम्प" ने तो फाइलमध्ये काढून न्या आणि तिथे चढवा. युझर आणि पासवर्ड कोडमध्ये न लिहिता वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये ठेवा, म्हणजे दर मशीनवर कोड उघडायला नको. विंडोजवरून लिनक्सवर जाताना टेबलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉलही इथे नडतं.

तारीख ०३/०४ दिसली तर ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरू शकतं. फाइलमध्ये तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणून पहाटे साडेपाचच्या आधी केलेली नोंद सर्व्हरवर आदल्या दिवशीची दिसते.

"परमिशनएरर" आली की लोक सरळ "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करतात. मला हा उपाय मान्य नाही. प्रोग्राम चालतो, पण का अडत होता ते कळत नाही, आणि लॅबच्या साध्या अकाउंटवर तो पर्यायच नसतो. बहुतेक वेळा प्रोग्राम "प्रोग्राम फाइल्स" मध्ये काहीतरी लिहू पाहत असतो, किंवा सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी राहिलेली असते. लिहायची फाइल युझरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये न्या. अँटिव्हायरस बंद करा असंही कुणाला सांगू नका. त्याने फाइल अडवली असेल तर ती क्वारंटाइनच्या यादीत दिसते, ती दाखवून लॅब असिस्टंटची परवानगी घ्या.

एक्झी फाइल दिली असेल तर

सी++ मध्ये केलेली एक्झी दुसरीकडे नेली आणि "व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही" असं आलं, तर त्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं "व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्यूटेबल", म्हणजे अशा प्रोग्रामना लागणाऱ्या डीएलएल फाइलींचा संच, नाही. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतं. सुटी डीएलएल देणाऱ्या भलत्या साइटवरून ती उतरवू नका. ती कुठल्या व्हर्जनची आहे आणि तिच्यात आणखी काय आहे, याची कुणीच खात्री देत नाही. तुमची एक्झी ३२ बिट असेल तर ६४ बिट विंडोजवरही रीडिस्ट्रिब्यूटेबल ३२ बिटचं, म्हणजे "एक्स८६" लिहिलेलं, लागतं. एररच्या कोडच्या शेवटी "७बी" असेल तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झाली असं बहुतेक समजा. आणि नावाच्या शेवटी जादा डी असलेली "व्हीसीरनटाइम१४०डी.डीएलएल" मागितली, तर तुम्ही डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठीचा बिल्ड, दिला आहे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये "रिलीज" निवडून पुन्हा बिल्ड करा.

पायथनची एक्झी करायला पायइन्स्टॉलर वापरतात. विंडोजची एक्झी विंडोजवरच करावी लागते, मॅकवर करता येत नाही. सीएसव्ही किंवा फोटो आपोआप आत जात नाहीत, ते "--ॲड-डेटा" ने सांगावे लागतात. नवख्यांनी "--वनफाइल" च्या मागे न लागता आधी "--वनडिर" ने करावं. सगळ्या फाइल उघड्या फोल्डरमध्ये दिसतात, काय राहिलं ते लगेच कळतं.

लिनक्सवर "जीलिबसी" या मूळ लायब्ररीचं (बहुतेक प्रोग्राम तिच्यावर चालतात) अमुक व्हर्जन नाही अशी एरर आली, तर बिल्ड नव्या सिस्टीमवर झाला आणि चालवायची सिस्टीम जुनी आहे. उबुंटू २२.०४ वर केलेला बिल्ड २०.०४ वर असाच अडू शकतो. जुन्यावर केलेला मात्र नव्यावर सहसा चालतो, म्हणून बिल्ड जुन्या मशीनवर करा.

सातवी पायरी: एका वेळी एकच बदल

दुसऱ्या पायरीत लिहिलेलं वहीचं पान समोर ठेवा. जो फरक एररशी सर्वांत जुळतो तो निवडा, तेवढाच बदला, पुन्हा चालवा, काय झालं ते लिहा. फरक पडला नाही तर बदल मागे घ्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम चालला, तर कशाने चालला ते कळणार नाही, आणि तिसऱ्या मशीनवर पुन्हा तेच.

कारण सापडेना तर प्रोग्राम लहान करा. नवी फाइल घ्या, फक्त इम्पोर्टच्या ओळी लिहा, चालवा. चाललं तर फाइल उघडायची ओळ घाला. मग पहिली ओळ छापा. ज्या ओळीला अडेल तिथे कारण आहे.

याहून बरं म्हणजे देण्याआधीच कोऱ्या मशीनवर तपासणं. विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर "विंडोज सँडबॉक्स" फीचर चालू करता येतं. दर वेळी कोरं करकरीत विंडोज उघडतं आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ते नाही. तिथे आपल्याच लॅपटॉपवर नवं युझर अकाउंट काढून त्यातून चालवून पाहा, निदान पत्त्यांच्या आणि परवानग्यांच्या चुका सापडतील.

कुणाला विचारायचं झालं तर

"सर, प्रोग्राम चालत नाहीये" यावर कुणीच मदत करू शकत नाही. असं लिहा: "घरी विंडोज ११, पायथन ३.१२, तिथे चालतो. लॅबमध्ये विंडोज १०, पायथन ३.८. कमांड प्रॉम्प्टमधून 'पायथन हजेरी.पीवाय' दिलं. बाविसाव्या ओळीवर खालची एरर येते. लायब्रऱ्यांची यादी दोन्हीकडे सारखी आहे. एन्कोडिंग घालून पाहिलं, फरक नाही." त्याखाली एररचा पूर्ण मजकूर चिकटवा आणि ती ओळ दाखवा. पासवर्ड आणि मुलांची खरी नावं काढून टाका, त्यांच्या जागी दोन-तीन बनावट नावं घाला. बनावट नावांत एखादं जोडाक्षर मात्र राहू द्या, नाहीतर पाहणाऱ्याच्या मशीनवर ती एरर येणारच नाही.